ग्लाम्झची रिकामी खुर्ची

बसमध्ये चढताना मी ‘ग्लॅमिस’ म्हटलं. ड्रायव्हरने ‘ग्लाम्झ’ असं सुधारून तिकीट हातात ठेवलं. स्पेलिंग बघून बोलणाऱ्याला स्कॉटलंडमध्ये रोज असा एक धडा मिळतोच.

डंडीत राहून दोन वर्षं झाली, पण वीसेक किलोमीटरवरचा हा ग्लाम्झचा किल्ला राहूनच गेला होता. किल्ला म्हटलं की आपल्याला चढण, बुरूज, माची आठवते. हा मात्र सपाटीवर. कुरणात केसाळ गायी आणि झाडांच्या रांगांमागे गुलाबीसर दगडाचा, टोकदार मनोऱ्यांचा वाडाच म्हणा ना. राणी दुसऱ्या एलिझाबेथची धाकटी बहीण, राजकन्या मार्गारेट, १९३० साली इथेच जन्मली.

भुतांची इथे रेलचेल. त्यातला अर्ल बिअर्डी म्हणजे दाढीवाला उमराव. रविवारी पत्ते खेळायला कुणी बसेना, तर हा गरजला, ‘मग सैतानाशी खेळतो!’ लगेच दारावर थाप. तो डाव म्हणे अजून मिटलेला नाही. (त्यांचा रविवार म्हणजे आपल्या आज्यांची एकादशी. नियम मोडला की खैर नाही.)

दुसरी गोष्ट लपवलेल्या वारसाची. १८२१ साली घराण्यात एक मूल जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं, अशी नोंद आहे. लोक म्हणतात, ते गेलंच नाही, व्यंग होतं म्हणून गुप्त खोलीत कोंडून वाढवलं. ती खोली शोधायला पाहुण्यांनी एकदा झाडून सगळ्या खिडक्यांत टॉवेल लटकवले. बाहेर येऊन बघतात तर काही खिडक्या रिकाम्याच! हे ऐकून आमच्या घोळक्यातली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसली.

मला मात्र किल्ल्यातल्या चॅपलमधल्या, म्हणजे प्रार्थनाघरातल्या, ‘करड्या बाई’च्या भुताने गाठलं. ती म्हणजे ग्लाम्झच्या घराण्यातली सून, लेडी जॅनेट डग्लस. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स लहान असताना तिच्या भावाने, म्हणजे जेम्सच्या सावत्र बापाने, त्याला दोनेक वर्षं आपल्या कब्जात ठेवलं होतं. तो दात राजाने सगळ्या डग्लसांवर धरला. राजावर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून १५३७ साली तिला एडिंबराच्या किल्ल्यासमोर जिवंत जाळलं. कोवळ्या मुलालाही तुरुंगात टाकलं, आणि तो सुटला तो राजा मेल्यावरच. आता लोक तिला चेटकीण म्हणून सांगतात, पण खटला राजद्रोहाचा होता. चेटूक मागाहून चिकटलं असणार. भावकीच्या सुडापेक्षा ते ऐकायला चटपटीत.

चॅपल लहानसं. भिंती-छतावर सतराव्या शतकातली रंगवलेली चित्रं, दाटीने मांडलेल्या खुर्च्या. मागची एक तिच्यासाठी राखीव. प्रार्थनेला गर्दी झाली तरी तिथे कुणी बसत नाही.

बाहेर पडताना वाट त्या खुर्चीच्या शेजारूनच होती. मघाशी टॉवेलांना हसलेली पोरं अंग चोरून, वळसा घालून गेली. माझ्या खांद्यावर जडशी सॅक होती, क्षणभर कुठेतरी टेकवावी असं वाटत होतं. नाही टेकवली.