बडोद्यातलं काळं घड्याळ आणि चोविसाव्या शतकाची पट्टी

गुजरातेतल्या मोरबीत दोनच गोष्टी बनतात असं आमचे मामा म्हणतात: टाइल्स आणि भिंतीवरची घड्याळं. मोरबीतल्या बाकीच्या उद्योगांवर यात अन्याय होत असेल, पण त्यांचे एक जुने मित्र मोरबीत टाइल्सचा कारखाना चालवतात, राहतात बडोद्यात अलकापुरीत आणि मनगटी घड्याळं जमवतात, तेव्हा मामांच्या दृष्टीने मुद्दा सिद्ध झालेला आहे. "तू घड्याळांचं वेड घेऊन बसलायस ना? ये एकदा. मातीचं घड्याळ दाखवतो," असा मामांचा फोन आल्यावर मी मुंबईहून वडोदरा एक्सप्रेस पकडली.

पहाटेचं बडोदं मला फार आवडतं. स्टेशनवरून चालत कमाटीबागेत गेलो. विश्वामित्रीच्या काठची ही बाग सयाजीराव महाराजांनी केली. तिथलं फुलांचं घड्याळ बघायला पोरं अजूनही आईबापांना ओढत आणतात. काटे जमिनीवर फिरतात, यंत्र जमिनीखाली. मी गेलो तेव्हा माळी तबकडीवर पाणी मारत होता.

दुपारी दांडिया बाजारात मामींच्या हातची आमटी आणि मग सक्तीची झोप. संध्याकाळी लक्ष्मीविलासवरून अलकापुरीकडे निघालो. मेजर मँटने आराखडा केला, त्याच्या मृत्यूनंतर चिझमने काम पुरं केलं आणि १८९० मध्ये राजवाडा उभा राहिला, हे मामा मला प्रत्येक वेळी सांगतात. या खेपेला सोबत खंडेराव आणि मल्हारराव ही गायकवाड राजांची भावंडंही आली: एकाने 'स्टार ऑफ द साउथ' हिरा विकत घेतला, दुसऱ्याने सोन्याच्या तोफा ओतवल्या. "ऐश्वर्य म्हणजे वजन, असा तो जमाना," मामा म्हणाले.

मामांच्या त्या मित्राने, म्हणजे शेठनी, ते घड्याळ रुमालावर ठेवून समोर सरकवलं. काळंभोर, चकचकीत, चावी सोनेरी. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं सिरॅमिक 'दा विंची', १९८६ चं मॉडेल. शेठनी ते बऱ्याच वर्षांपूर्वी झुरिकच्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानातून आणलं. हातात घेतल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे ते हलकं आहे. सोन्याच्या घड्याळाची सवय असलेल्या माणसाला फसवल्यासारखंच वाटेल. मग बोटांना कळतं की याला ना धातूचा गारवा आहे, ना प्लास्टिकचा पोकळपणा.

"जुओ," शेठ मराठीत गुजराती मिसळत म्हणाले, "वाळूतलं झिरकॉन आम्ही टाइलच्या पांढऱ्या ग्लेझमध्ये टाकतो. हे त्याचंच भावंड." त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. झिरकोनियाची, म्हणजे झिरकॉनपासून काढलेल्या ऑक्साइडची, बारीक पूड बांधणाऱ्या द्रव्यात कालवून साच्यात घालतात. मग ते द्रव्य काढून टाकतात आणि तुकडा १४०० अंशांहून जास्त तापमानाला भाजतात. भट्टीत तो २० ते २५ टक्के आकसतो. म्हणजे साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो आणि आकसणं सगळीकडून सारखं व्हावं लागतं, नाहीतर आतलं यंत्र बसत नाही. टाइल जरा लहान-मोठी निघाली तर वेगळ्या साइजच्या खोक्यात जाते. इथे ती सोय नाही. भाजल्यावर पदार्थ स्टीलच्या पाच-सहापट कठीण होतो, त्यामुळे पॉलिश करायला हिऱ्याची पूड लागते. ओदमार पिगे या स्विस कंपनीने २०१७ मध्ये आपल्या रॉयल ओक घड्याळाचं पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस आणि लीप वर्ष स्वतःच सांभाळणारं घड्याळ) काळ्या सिरॅमिकमध्ये आणलं, तेव्हा पट्ट्याच्या घासकामाला स्टीलला लागतात सहा तास, याला तीस, असं सांगितलं गेलं.

रंगाची गोष्ट आणखी अवघड. काळा-पांढरा त्यातल्या त्यात सोपा. भडक लाल रंग त्या तापमानाला सहजी टिकत नाही. हुब्लो या दुसऱ्या स्विस कंपनीने २०१८ मध्ये लाल सिरॅमिकचं 'रेड मॅजिक' काढलं, फक्त ५०० नग. मर्यादित आवृत्तीमागे अशी कारणं असतात हे मला मान्य आहे. पण ती अर्धीच. उरलेलं अर्धं कारण म्हणजे ५०१ वा गिऱ्हाईक हळहळत राहिला पाहिजे.

खरी गंमत मात्र घड्याळाच्या आत आहे. कुर्ट क्लाउस या घड्याळजीने १९८५ च्या 'दा विंची'साठी कॅलेंडर रचलं ते असं, की वार, तारीख, महिना, चंद्राची कला, सगळं एका चावीने पुढे सरकतं. पूर्वी अशा घड्याळांच्या कडेला बारीक बटणं असत, ती टोचणीने दाबावी लागत. इथे एक चक्र चार वर्षांत एकच फेरा घेतं आणि त्यावर ४८ महिन्यांच्या खाचा आहेत. खाच किती खोल, त्यावर महिना ३१ चा की २८ चा हे यंत्राला कळतं. चंद्राची चूक १२२ वर्षांत एका दिवसाची. तबकडीवर डावीकडे खाली सन चार आकड्यांत दिसतो आणि त्यातली शतकाची पट्टी शंभर वर्षांत १.२ मिलिमीटर सरकते. मी ती दोन मिनिटं बघत बसलो. मामा म्हणाले, "थांब, चहा होईपर्यंत हलेल."

पट्टीवर १९, २० आणि २१ एवढेच आकडे. २२, २३, २४ ची जादा पट्टी काचेच्या छोट्या नळीत घड्याळासोबतच येते. शेठनी ती तिजोरीतून आणून दाखवली. कुणीतरी २२०० साली ती बसवून घ्यायची! त्याआधी २१०० चा प्रश्न आहेच: ते लीप वर्ष नाही, पण चक्राला ते ठाऊक नाही, म्हणून १ मार्चला हाताने दुरुस्ती करावी लागेल. "नातवाच्या नावाने चिठ्ठी लिहून ठेवलीय," शेठ अगदी गंभीरपणे म्हणाले.

घालता का, विचारलं. लग्नकार्यात घालतात, कारखान्यात नाही. ओरखडा याला सहजी पडत नाही, पण दणका सोसत नाही. सोन्याचं घड्याळ पडलं तर पोचा येतो, सोनार काढून देतो. हे तडकलं तर अख्खी केस बदलायची. एवढं नाजूक प्रकरण टाइल्सवाल्याच्या घरात, जिथे फरशीवर गालिचा सोडाच, चटईसुद्धा नाही!

किंमत विचारायचा धीर मला झाला नाही. मामांनी विचारली. शेठ म्हणाले, एका बऱ्या अवस्थेतल्या जुन्या इनोव्हाएवढी धरा. मामा लिफ्टमध्ये गप्प होते. खाली स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "इनोव्हात सात माणसं बसतात." मग आम्ही सेवउसळ खायला गेलो.