.243 ठरली, आता पिळाचं बघू: व्हार्मिंट आणि हरणासाठी एकच रायफल

मागच्या नोंदीपर्यंत यादीत चार कॅलिबर (नळीच्या व्यासावरून ओळखली जाणारी काडतुसं) होती: .223 रेमिंग्टन, .22-250 रेमिंग्टन, .243 विंचेस्टर आणि 6.5 क्रीडमोर. आता एकच उरलं आहे: .243. काम तेच आहे, व्हार्मिंट (उपद्रवी छोटे प्राणी) आणि हरण. उन्हाळ्यात वायोमिंगच्या कुरणांवर प्रेअरी डॉग (बिळांत राहणारा खारीच्या कुळातला प्राणी), हिवाळ्यात कोयोटी (लांडग्यासारखा रानटी कुत्रा), आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोलोराडोत म्यूल डिअर किंवा कॅन्ससमध्ये व्हाइटटेल, या दोन्ही हरणाच्या जाती. या सगळ्याला एकच रायफल हवी.

दोन्ही .22 आधी कायद्याने बाद झाल्या. कोलोराडोत हरणासाठी कॅलिबर किमान .24 इंच लागतं, गोळी फुलणारी आणि किमान 70 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, सुमारे 0.065 ग्रॅम) लागते, आणि 100 यार्डांवर 1,000 फूट-पाउंड (ऊर्जेचं अमेरिकी माप) ऊर्जा लागते. व्हर्जिनियात किमान .23. वायोमिंगमध्ये .22 चालते, पण गोळी 60 ग्रेनपेक्षा हलकी चालत नाही. नेब्रास्कात 100 यार्डांवर 900 फूट-पाउंड. ओहायोत तर सरळ भिंतीचंच (मानेत न आवळलेलं) काडतूस लागतं, तिथे या यादीतलं एकही चालणार नाही. दुकानात पाऊल ठेवण्याआधी ज्या ज्या राज्यात जायचं त्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचून घ्या. दुकानदार त्याच्या राज्याचं सांगतो, तुमच्या शिकारीच्या राज्याचं नाही.

.22-250 ला दुसरीही अडचण आहे. 55 ग्रेनची गोळी 3,680 फूट प्रति सेकंदाने जाते, प्रेअरी डॉगसाठी याहून सरळ मार्ग क्वचितच मिळेल. पण बहुतेक जुन्या नळ्यांचा पीळ, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या आट्यांचं वळण, 14 इंचांत एक फेरा असा आहे. हरणासाठीच्या लांब, जड गोळ्या त्या पिळात स्थिर राहत नाहीत. म्हणजे जिथे कायदा परवानगी देतो तिथेही नळीच नाही म्हणते.

6.5 क्रीडमोर हे उत्तम काडतूस आहे, 143 ग्रेनची गोळी 2,700 फुटांनी जाते. यादीत एल्क (बरंच मोठं हरण) असता तर तेच घेतलं असतं. पण प्रेअरी डॉगवर दिवसभर बसायचं तर धक्का कमी हवा, म्हणजे दुर्बिणीतून आपलाच बार कुठे लागला ते आपल्याला दिसतं. व्हार्मिंटसाठीच्या हलक्या गोळ्याही 6.5 च्या .264 इंच व्यासात मोजक्याच मिळतात.

1955 चा धडा

.243 का, यापेक्षा कुठल्या पिळाची .243, हा खरा प्रश्न आहे. तो समजायला .244 रेमिंग्टन आठवावी. .243 विंचेस्टर आणि .244 रेमिंग्टन दोन्ही 1955 सालच्या. दोघींची गोळी .243 इंच व्यासाचीच. विंचेस्टरने .308 ची केस (काडतुसाची पितळी पुंगळी) मानेत आवळली, रेमिंग्टनने 7×57 माउझरच्या घराण्यातली केस घेतली, त्यामुळे दारूला जागा रेमिंग्टनकडे थोडी जास्तच होती. पण रेमिंग्टनने ही व्हार्मिंटची रायफल मानली, 75 आणि 90 ग्रेनच्या गोळ्या दिल्या आणि नळीला 12 इंचांत एक फेरा दिला. विंचेस्टरने 80 आणि 100 ग्रेन दिले, पीळ 10 इंचांत एक. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही कामं हवी होती. 100 ग्रेनची टोकदार गोळी 12 च्या पिळात बेभरवशाची निघाली आणि गिऱ्हाईक विंचेस्टरकडे वळलं. रेमिंग्टनने पुढे पीळ 9 इंचांवर आणला, 1963 मध्ये नाव बदलून 6 एमएम रेमिंग्टन केलं, पण तोवर उशीर झाला होता. केस मोठी असून ती रायफल मागे पडली, ती केवळ पिळामुळे.

हा हिशेब घरी करता येतो. ग्रीनहिलचं सूत्र घ्या: व्यासाचा वर्ग गुणिले 180, भागिले गोळीची लांबी, सगळं इंचांत. (180 हा आकडा 2,800 फुटांच्या वरच्या वेगासाठी, खाली असाल तर 150 घ्या.) .243 चा वर्ग 0.059, त्याला 180 ने गुणलं की 10.6. 100 ग्रेनची शिशाच्या टोकाची गोळी साधारण एक इंच लांब असते, म्हणजे 10.6 चा पीळ पुरतो, 10 चा सुरक्षित. 12 चा पीळ 0.88 इंचापर्यंतच्या गोळीला पुरतो. गोळी व्हर्नियरने मोजा, खोक्यावरच्या ग्रेनवर जाऊ नका. पीळ लांबीवर ठरतो, वजनावर नाही. हे तांब्याच्या अखंड गोळ्यांत जास्त जाणवतं, कारण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून 80 ग्रेनची तांब्याची गोळी 100 ग्रेनच्या शिशाच्या गोळीइतकी लांब भरते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून सगळ्या शिकारीला शिसेमुक्त गोळीच लागते, तिकडच्या मंडळींनी हिशेब तांब्याचा करावा.

मग सरळ 8 चा घट्ट पीळ का नको? 8 चा पीळ 105 ग्रेनच्या आसपासच्या लांबुळक्या मॅच (स्पर्धेच्या) गोळ्यांसाठी आहे. हलक्या गोळीचे फेरे मोजून बघा: वेग गुणिले 720 भागिले पीळ. 58 ग्रेनची व्ही-मॅक्स (व्हार्मिंटसाठीची लगेच फुटणारी गोळी) 3,925 फुटांनी निघाली तर 10 च्या पिळात मिनिटाला 2,82,600 फेरे, 8 च्या पिळात 3,53,250. तीन लाखांच्या पुढे पातळ कवचाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवावं. काही हवेतच फुटतात. खूण अशी की पाच बार टाकले आणि कागदावर चार भोकं दिसली, किंवा भोकाभोवती राखाडी ओरखडा उमटला. अशा वेळी नेमाला किंवा दुर्बिणीला दोष देण्यात दिवस जातो.

म्हणून 9 ते 10 मधला पीळ. टिक्का टी3एक्सच्या .243 मध्ये 10 चा मिळतो (हल्ली 8 चाही आहे, खोका तपासा), सॅव्हेजमध्ये 9.25, रेमिंग्टन 700 मध्ये 9⅛, रूगर अमेरिकनमध्ये 9. चारही चालतील. वापरलेली रायफल घेताना पीळ विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर मानू नका. सफाईच्या सळईवर घट्ट कापड लावा, सळई मुठीत मोकळी फिरू द्या, तिच्यावर मार्करने खूण करा आणि एक पूर्ण फेरा होईतो सळई किती इंच आत गेली ते मोजा. तीनदा मोजा.

दोन गोळ्या, एकच ऊर्जा

.243 मध्ये फसवणारा आकडा ऊर्जेचा. 100 ग्रेन 2,960 फुटांनी, तोंडाशी साधारण 1,945 फूट-पाउंड. 58 ग्रेन 3,925 फुटांनी, साधारण 1,985. कागदावर हलकी गोळी पुढे! 100 यार्डांवरही ती 1,500 च्या वरच राहते, म्हणजे कोलोराडोची ऊर्जेची अट ती पार करते. तिला अडवते ती 70 ग्रेनची अट, आणि ती अट योग्य आहे. व्ही-मॅक्स दोन-तीन इंचांत फुटायला बनवलेली आहे. हरणाच्या खांद्यावर बसली तर वरवर मोठी जखम होते, फुफ्फुसापर्यंत काही पोचत नाही आणि जनावर जखमी अवस्थेत मैलभर जातं. हा अपराध कॅलिबरचा नाही, चुकीच्या गोळीचा आहे. "हरणाला .243 कमी पडते" असं ऐकू येतं तेव्हा आधी विचारा, गोळी कुठली होती आणि लागली कुठे.

हरणासाठी 95 ते 100 ग्रेन, बॉन्डेड (शिसं कवचाला जोडलेली) किंवा नॉस्लर पार्टिशनसारखी दुभागलेली. आडवं उभं जनावर, खांद्याच्या लगेच मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून तिरप्या उभ्या मोठ्या म्यूल डिअरवर या कॅलिबरने चाप ओढू नये, थांबावं.

उलट चूकही होते: हरणाच्या उरलेल्या गोळ्या प्रेअरी डॉगवर संपवणं. 100 ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (शिशाच्या उघड्या टोकाची गोळी) कडक सुक्या जमिनीवरून उसळून पुढे जाते. व्ही-मॅक्स मातीत विरते. ज्या कुरणात पलीकडे गुरं असतात तिथे हा फरक सगळ्यात मोठा.

झिरो आणि दुर्बीण

झिरो (ज्या अंतरावर नेम आणि बार जुळतात) हरणाच्या गोळीवर, 200 यार्डांवर. 100 ग्रेन मग 100 यार्डांवर पावणेदोन ते दोन इंच वर आणि 300 वर साधारण 7.8 इंच खाली बसते. 300 वर एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) 3.14 इंच, म्हणजे अडीच एमओए, एका क्लिकला पाव एमओए सरकणाऱ्या दुर्बिणीवर 10 क्लिक. 58 ग्रेन स्वतःच्या 200 च्या झिरोने 300 वर सुमारे साडेचार इंच खाली, म्हणजे 6 क्लिक.

पण दोन गोळ्यांचे झिरो एकमेकांपासून काढता येत नाहीत. नळी प्रत्येक भाराला वेगळी थरथरते, त्यामुळे फरक केवळ वर-खाली नसतो, डावा-उजवाही असतो. पद्धत अशी: हरणाच्या गोळीने पाच बारांचा गट, झिरो पक्का, टरेट (दुर्बिणीची क्लिक फिरवायची कळ) शून्यावर. नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. मग त्याच बिंदूवर नेम धरून व्हार्मिंटच्या गोळीचे पाच. गटाच्या मध्याचा फरक क्लिकमध्ये मोजून कार्डावर लिहा आणि कार्ड दस्त्याला चिकटवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. तीन बारांच्या गटावर हा निर्णय घेऊ नका, तीन बार नशिबानेही जवळ पडतात. मध्ये तांब्याच्या अखंड गोळ्या चालवल्या असतील तर आधी तांब्याचा थर काढणाऱ्या द्रावणाने नळी साफ करा आणि चार-पाच बार जाऊ द्या, नाहीतर गट विनाकारण उघडतो.

दुर्बीण 4-16 (4 ते 16 पट मोठं दाखवणारी). हरणाचा काळीज-फुफ्फुसाचा भाग साधारण 8 इंचांचा, प्रेअरी डॉगची रुंदी तीनेक इंच. 300 यार्डांवर एक एमओएची रायफल तीन इंचांचाच गट देते, तेव्हा या कामाला एक एमओएच्या आतलीच रायफल लागते आणि 3-9 ची दुर्बीण अपुरी पडते. वाऱ्याचं म्हणाल तर ताशी 10 मैलांचा आडवा वारा 300 यार्डांवर 100 ग्रेनला आठेक इंच ढकलतो, 58 ग्रेनलाही जवळजवळ तेवढंच. .223 ची साधी 55 ग्रेन सॉफ्ट पॉइंट त्याच वाऱ्यात 14 इंचांच्या पुढे जाते.

नळीचं आयुष्य

.243 ची खरी उणीव इथे आहे. बोअरच्या मानाने दारू बरीच, त्यामुळे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) पुढचा घसा लवकर जळतो. नेमबाज मंडळी 1,500 ते 2,500 बार धरून चालतात, .223 त्याच्या दुपटीने सहज टिकते. प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर दिवसाला 200 बार सहज होतात, म्हणजे तसे दहा दिवस आणि नळी अखेरीला. नियम असा ठरला आहे: पाच बार, मग बोल्ट उघडा ठेवून विश्रांती, नळीवर हात ठेवून दहापर्यंत मोजता येत नसेल तर बार नाही. प्रत्येक बाराची मोजणी वहीत. वर्षाला 500 च्या वर व्हार्मिंटचे बार होणार असतील तर .243 हरण आणि कोयोटीपुरती ठेवून वेगळी .223 घ्यावी, ती नळीच्या खर्चातच वसूल होते.

कागदपत्रं

एच-1बी किंवा इतर बिगरस्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, तारीख कॅलेंडरवर लिहा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. कोलोराडोत 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, आणि रायफलच्या हंगामात अंगावर 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी.

आणि रेंजची पिशवी भारताच्या प्रवासाला नेऊ नका. शिवणीत अडकलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याचं प्रकरण होतं. पिशवी वेगळी ठेवा, तिच्यावर पट्टी लावा, घरातल्यांनाही सांगा.

पुढच्या नोंदीसाठी बाकी: 58 ग्रेनची गोळी मॅगझिनला बसेल अशा लांबीत आट्यांपासून किती दूर राहते ते मोजणं (.243 ची कमाल एकूण लांबी 2.710 इंच), आणि 80 ग्रेनच्या तांब्याच्या गोळीचा गट 9.25 च्या पिळात 200 यार्डांवर. ज्यांच्याकडे 10 च्या पिळाची टिक्का आहे त्यांनी हाच गट टाकून पीळ, गोळीची लांबी आणि तापमान कळवावं.