गळत नव्हता, हवा पीत होता

कोठ्यात उभी असलेली आमची जुनी डिझेल जीप पंधरा दिवसांनी काढायला गेलो, तर बोनेटखाली सरकीचा ढीग आणि पॉवर स्टेअरिंगचा पाइप कुरतडलेला. कापूस वेचणीचे दिवस, उंदरांचीही सुगीच. दारव्ह्याहून पाइप आणला, घरीच बसवला, स्टेअरिंगच्या ऑइलच्या डबीत एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल, ओतलं (आमच्या गाडीला तेच लागतं, तुमच्या डबीच्या झाकणावर काय लिहिलंय ते बघा) आणि आतली हवा न काढता सरळ इंजिन सुरू केलं. तिथंच चुकलो.

गाडी कण्हायला लागली. स्टेअरिंग वळवलं की आणखी जोरात. आई आतून म्हणाली, "कोन रडून रायलं रे?"

डबी उघडली तर ऑइल रूहअफजा घातलेल्या दुधासारखं गुलाबी, वर फेस. स्टेअरिंगला ऑइलचा दाब देणाऱ्या पंपात हवा गेली की पंप ती इतकी बारीक घुसळतो की बुडबुडा वर यायचं नावच घेत नाही. रात्रभर गाडी तशीच ठेवली.

सकाळी शेजारचे काका आले. जन्म ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. "मशीन चालू नको करू. पयले चाकं उचल."

मागच्या चाकांना दगड लावले, पुढची दोन्ही उचलून स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. इंजिन बंद. भाचा स्टेअरिंगवर, मी डबीवर. हवा बाहेर काढायला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत डबीत नुसती बुडबुड, आणि ऑइल बघता बघता खाली. ओतत राहिलो, कारण तळाचं तोंड उघडं पडलं की परत हवा आत. दहाव्या फेरीला भाचा म्हणाला, "मामाजी, कसरत करून घेऊन रायले का माह्याकडून?" विसाव्या फेरीपर्यंत बुडबुडे थांबले. मग इंजिन लावून पुन्हा हळूच फिरवलं. टोकाला गेलं की लगेच सोडायचं, दाबून धरलं तर पंपावर ताण येतो आणि ऑइल तापतं.

आवाज गेला. दोन दिवसांनी दिग्रसला जाऊन आलो, आणि परत तेच कण्हणं. गाडीखाली मात्र एक थेंब नाही.

काका वाकले, डबीतून पंपाकडे जाणारा पाइप चिमटीत धरून हलवला. "हा गयत नाई, हा हवा पिते."

विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाइप कुठं जरासा सैल राहिला की मोटर हवा ओढते आणि पाणी उचलत नाही, बाहेर गळत काही नाही. वीस वर्षं ते बघतोय, पण गाडीत तसंच असेल हे डोक्यात आलं नाही. मी बसवलेली क्लिप पाइपाच्या अगदी काठावर होती. मागं सरकवली, आवळली.

मग परत दगड, स्टँड, वीस फेऱ्या. या वेळी स्टेअरिंगवर मी, आणि भाचा डबीवर बसून मोठ्यानं मोजत होता.