आधी सांगा, कधी येताय?

मालवणात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. खोली आहे का, जेवणात मासे असतील का, किल्ल्यात जायला होडी कधी मिळते, हे विचारून झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सुट्टीत तिकडे काय काय असतं? आणि निघताना घरच्यांसाठी, ऑफिसातल्यांसाठी काय घेऊ? काजू सोडून काहीतरी सांगा." गेली बारा वर्षं मी हे फोनवर सांगत आलेय. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदा सगळं लिहून काढते.

माझा पहिला प्रश्न तुम्हालाच असतो: कधी येताय? कारण आमच्याकडे काय न्यायचं हे तुम्ही कुठल्या महिन्यात येता त्यावर ठरतं. दिवाळीत येऊन हापूसची पेटी मागणारे दरवर्षी भेटतात. हापूस मार्च ते मे या दिवसांतला. दिवाळीत आंब्याची झाडं नुसती हिरवीगार उभी असतात, मोहोरसुद्धा धड आलेला नसतो. त्या दिवसांत आंब्याचं काही हवंच असेल तर मे महिन्यात वाळवलेली आंबापोळी मिळते. ती खुशाल न्या. पण पेटी मागू नका, आणि कुणी देऊ केली तर घेऊ नका.

आमचं वर्ष खरं सुरू होतं नारळी पौर्णिमेला. जून आणि जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, बाजारात सुक्या मासळीवर दिवस काढायचे असतात. ऑगस्टमध्ये बंदी उठते, तरी आमच्याकडचे जुने लोक समुद्राला नारळ घातल्याशिवाय पाण्यात होडी लोटत नाहीत. त्या संध्याकाळी सगळं गाव बंदरावर असतं. आधी किल्ल्यातला मानाचा नारळ समुद्राला जातो, मग बाकीच्यांचे. आणि मग नारळ लढवायचा खेळ. दोघे समोरासमोर उभे राहतात, एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला, फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. माझे सासरे महिनाभर आधीपासून नारळ हेरून ठेवायचे. कानाशी धरून हलवायचे, नखाने ठोकायचे, करवंटी जाड आहे की नाही ते आवाजावरून सांगायचे. ही संध्याकाळ पाहायला या. न्यायला त्या दिवसांत फारसं काही नसतं, नारळ तेवढे न्या.

गणपतीत मात्र आम्ही खोल्या देत नाही. तेव्हा मुंबईहून घरचीच माणसं येतात आणि अंथरुणं पडवीपर्यंत जातात.

दिवाळीत या. नरक चतुर्दशीला आम्ही चावदिस म्हणतो. पहाटे अभ्यंगस्नान झालं की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याची बी जिभेला लावायची. कडूजहर! आणि मग घरात यायचं ते पोह्यांवर. पोह्यांना आमच्याकडे फोव म्हणतात. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, बटाटा घातलेले, फोडणीचे असे चार-पाच तऱ्हेचे फोव प्रत्येक घरी होतात आणि सकाळभर माणसं एकमेकांकडे जाऊन ते खातात. पाहुणे आमच्याबरोबर शेजाऱ्यांकडे येतात, तेव्हा पहिल्या घरी पोटभर खाऊन बसतात. तसं करू नका, पुढे सहा घरं असतात.

तर दिवाळीची पहिली भेट हीच. गावठी तांबड्या भाताचे पोहे. भात नुकतंच घरात आलेलं असतं, पोहे ताजे असतात. भिजवले तरी लगदा होत नाहीत, चावताना दाताला कळतात. किलोभर घ्या, गूळ-खोबरं घालून कसे करायचे ते मी सांगते, आणि घरी गेल्यावर ज्याला द्याल त्याला आधी एक वाटी करून खायला घाला, मग पिशवी हातात द्या.

पाडव्याला इथे असाल तर संध्याकाळी कुठे जाऊ नका. त्या दिवशी रामेश्वर आणि नारायण, मालवणची दोन ग्रामदैवतं, पालखीत बसून गावाच्या भेटीला निघतात. देऊळवाड्यातून निघालेली पालखी किनाऱ्याकडून फिरत रात्री बाजारपेठेत येते. दुकानदारांनी दारापुढे रांगोळ्या घातलेल्या असतात, दिवे लावलेले असतात. सगळा बाजार तेव्हा उभा असतो, गिऱ्हाईकही आणि दुकानदारही. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला पालखी पाहायला नेलं आणि येताना एका दुकानातून एक पितळी निरांजन घेऊन दिलं. म्हणाल्या, पालखीच्या रात्री घेतलेली वस्तू घरात राहते. ते निरांजन माझ्या देवघरात अजून आहे. तुम्हीही त्या रात्री बाजारातून काहीतरी घ्या. पोळपाट घ्या, विळी घ्या. पुढे दर वेळी हातात आली की ती रात्र आठवेल.

आता सोलं, म्हणजे रातांब्याच्या, कोकमाच्या फळाच्या, वाळवलेल्या साली. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण चुकीची सोलं मी स्वतः एकदा पाठवली आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी घाई होती म्हणून हायवेवरच्या एका दुकानातून दोन किलो घेतली. दिसायला लालचुटूक, ओलसर, पाकिटावर नारळाच्या झाडाचं चित्र. पुण्याला नणंदेकडे पाठवली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, सगळ्याला बुरशी आली होती आणि तिने त्यातली निम्मी शेजारी वाटलेली होती. मला फार वाईट वाटलं. मालवणच्या माणसाने पाठवलेली सोलं खराब निघावीत!

तेव्हापासून मी आमच्या मागच्या वाडीतल्या काकींकडूनच घेते. त्यांच्या अंगणात मे महिन्यात जाऊन बसावं. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, साली पसरायच्या. गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या साली बुडवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. संध्याकाळी उचलायच्या, पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. काकी सात पुटं देतात. पहिल्या दिवशी गुलाबी दिसणारी साल शेवटी काळीभोर होते, वरून मिठाची बारीक कणी दिसते, बोटांत धरली तर वाकते पण चिकटत नाही. त्या दिवसांत काकींची बोटं नखांपर्यंत जांभळी असतात आणि महिनाभर तशीच राहतात. मी एकदा विचारलं, चार पुटांत भागत नाही का? त्या म्हणाल्या, "भागता गो. पण मगे कढीक रंग येणा नाय, आणि पावसात ती टिकत नाय."

म्हणून सोलं घेताना लाल रंगावर भुलू नका. काळी घ्या, कोरडी घ्या, आणि पिशवी उघडून वास घ्या. आंबट वासाच्या मागे कुबटपणा जाणवला तर परत ठेवा. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा काकींना मी ते वाचून दाखवलं होतं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, मग भाव वाढतलो काय? भाव थोडा वाढलाय, पण सात पुटांच्या मेहनतीएवढा नाही. म्हणून माझी विनंती आहे, घासाघीस करू नका.

त्याच रातांब्याच्या रसात मीठ घालून ठेवलं की झालं आगळ. सोलकढीला आगळच लागतं. बाटली न्यायची असेल तर झाकणाला मेण लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून, कपड्यांपासून लांब ठेवा. तो डाग जात नाही. आणि बियांचं जे तेल निघतं ते गार झालं की गोठतं, त्याचे मुठीने वळलेले गोळे मिळतात, त्याला मुठेल म्हणतात. टाचांच्या भेगांना यासारखं औषध नाही. जरा गरम करून रात्री लावायचं. घरातल्या वयस्कर माणसासाठी डिसेंबरातली भेट विचाराल तर मी डोळे मिटून मुठेल सांगेन. दिसायला पिवळट-पांढरा ढेकूळ, पण माझी आई ठाण्याहून दर हिवाळ्यात फक्त तेवढंच मागवते.

तुम्ही म्हणता काजू सोडून सांगा. मला ते पटत नाही. काजूत काही वाईट नाही, घेण्यात चूक होते. पांढरेशुभ्र, एकसारखे काजू तुमच्या शहरातही मिळतात. इथे घ्यायचे ते सालासकट भाजलेले. काजूची बी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात, कारण कवचातला चीक कातडी जाळतो. तरीही त्यांच्या अंगठ्याची कातडी सोललेली दिसते. वेंगुर्ल्यात 1957 पासून फळ संशोधन केंद्र आहे, तिथल्या 'वेंगुर्ला 4' आणि 'वेंगुर्ला 7' या जातींनी इकडच्या बागा बदलल्या. शक्य असेल तर लहान कारखान्यातून घ्या, जिथे फोडणाऱ्या बायका समोर बसलेल्या दिसतात. आणि मार्चमध्ये आलात तर ओले काजूगर खा. ते नेण्यासारखे नाहीत, इथेच उसळ करून खायचे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तुम्ही ऐकून असाल. तिची तिथी ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. पण पाहुण्यांना मी मोठ्या जत्रेपेक्षा एखाद्या लहान गावच्या जत्रेला पाठवते. रात्री दशावतार असतो. थोडं लवकर जा आणि देवळामागे नट रंग लावत बसलेले असतात तिथे उभे राहा. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने गालाला रंग. मिशीवाला माणूस अर्ध्या तासात द्रौपदी होऊन उठतो. लिहिलेले संवाद नसतात. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि बाकीचं सगळं रंगमंचावर सुचतं. रंगमंचावर फक्त एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. पहाटे दहीकाला होईपर्यंत लहान मुलं आईच्या मांडीवर झोपून उठून पुन्हा बघत असतात.

जत्रेतून न्यायचं ते खाजं. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, त्यावर आलं घातलेल्या गुळाचा पाक. कढईपाशी उभं राहून घ्या. पाक कांड्यांवर पडला की खाजेवाला झाऱ्याने भरभर हलवत राहतो, थांबला तर सगळ्याचा एक गोळा होतो. गरम असताना पिशवी बांधू नका, कागदावर पसरून गार होऊ द्या. नीट ठेवलं तर पंधरा दिवस कुरकुरीत राहतं. लहान मुलांच्या घरी द्यायला याहून चांगलं काही नाही, आणि स्वस्त आहे.

एक दिवस हाताशी असेल तर सावंतवाडीला जा. चितारआळीत लाकडाची फळं, भातुकली, बैल, पाट मिळतात. राजवाड्यात हाताने रंगवलेले गंजिफा पाहायला मिळतात. गोल पत्ते, दशावतारी जोडात 120 पानं, दर अवताराची बारा. हा जोड महाग असतो आणि तसाच असायला हवा, कारण एकेक पान रंगवायला वेळ जातो. राजमाता सत्वशीलादेवी भोंसले यांनी ही कला स्वतः शिकून घेतली, इतरांना शिकवली, म्हणून ती आज दिसते. पूर्ण जोड झेपत नसेल तर लाकडी आंबा घ्या. ज्यांना दिवाळीत आंब्याची पेटी हवी असते त्यांना मी हाच आंबा सांगते.

सुकी मासळी विचारणारेही खूप असतात. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, घ्या, ते सगळ्यांत बरे. वाळूवर न सुकवलेले, जाळीवर सुकवलेले बघून घ्या, हवाबंद डब्यात भरून घ्या. रेल्वेने जाणार असाल, म्हणजे कुडाळहून, तर डबा वर ठेवू नका, खाली पायाशी ठेवा. शेजारच्याचा प्रवासही सुखाचा व्हायला हवा.

आणि नाताळात येणाऱ्यांसाठी एवढंच. त्या आठवड्यात किनारा भरलेला असतो, खोल्या महाग असतात, पण आमच्या गल्लीत तो सण घरचाच आहे. समोरच्या बाई पंचवीस तारखेला सकाळी प्रार्थनेहून आल्या की ताटली पाठवतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, वर विणलेला पांढरा रुमाल. त्या दिवशी घरात जे पाहुणे असतील त्यांच्यासाठी दोन नेवऱ्या जास्त असतात, कारण माझ्याकडे किती माणसं उतरली आहेत हे त्या आदल्या दिवशीच विचारून जातात. ताटली रिकामी परत करायची नसते, म्हणून मी ती संक्रांतीपर्यंत ठेवून घेते आणि तिळाचे लाडू घालून पाठवते. मागच्या वर्षी नागपूरहून आलेल्या एका मुलीने जाताना विचारलं, मी काही ठेवून जाऊ का त्या ताटलीत? आणि तिने आपल्या पिशवीतली संत्र्याची बर्फी काढून दिली. त्या वर्षी ताटली संक्रांतीची वाट न बघता त्याच दुपारी समोर गेली.