थेंब बुडला पाहिजे

पहिल्यांदा रक्त द्यायला गेले तेव्हा माझा थेंब तरंगला. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटाचं रक्त टाकतात, हिमोग्लोबिन १२.५ असलं तर थेंब सरळ तळाला जातो. माझा आपला वरच लटकून. "ताई, तुमालेच रक्त लागन," तिथली पोरगी हसली. मला रडू आलं. दिवसभर वावरात कापूस वेचणारी बाई मी, अन् अंगात रक्त नाही?

जेवणावरचा चहा सोडला. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. भाजी लोखंडी कढईत, वरणावर लिंबू. पाच महिन्यांनी थेंब बुडला बाप्पा! ३५० मिली दिलं.

आता वर्षातून दोनदा देते. बायांना १२० दिवस थांबावं लागतं, पुरुषांना ९०. तेवढ्यावरून हे मला चिडवतात. रक्त दिल्यानं तब्येत सुधारली असं मी म्हणणार नाही. देता यावं म्हणून नीट जेवते, वेळेवर झोपते, ते लागू पडलं. मनाचं वेगळंच. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची लेकरं गावोगावी आहेत. शेजारच्या पोराला पावसाळ्यात रक्त चढवलं. ते माझं नव्हतंच, गटच वेगळा. तरी त्याची माय टोपलंभर वालाच्या शेंगा देऊन गेली.