एवढं महाग, एवढं जुनं, तरी पी७च का?

तुम्ही विचारलंत म्हणून. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीचं पी७ हे पिस्तूल हातात आलं की आधी सगळे एकच प्रश्न विचारतात, 'याचं सेफ्टी बटण कुठंय?' ते नाहीच. मुठीच्या पुढच्या बाजूला एक रुंद पट्टी आहे, ती दाबली की स्ट्रायकर (काडतुसावर आदळून ते पेटवणारी सळई) ताणला जातो आणि सोडली की लगेच उतरतो. दाबायला साधारण सात किलोचा जोर लागतो, पण एकदा आत गेली की धरून ठेवायला किलोभरही पुष्कळ. म्हणजे पिस्तूल घट्ट धरलं तर तयार, सैल सोडलं तर निर्धोक. आठवून करायची वेगळी क्रियाच उरत नाही.

१९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर पश्चिम जर्मनीच्या पोलिसांनी नवं ९ मिलिमीटर पिस्तूल शोधायला घेतलं. वाल्थर पी५ आणि सिग पी६ यांच्याबरोबर हेही निवडलं गेलं. हेक्लर अँड कॉखच्या ओबेर्नडॉर्फ कारखान्यातलं हे पी७ तिघांतलं सगळ्यात विक्षिप्त.

विक्षिप्तपणाचं मूळ नळीखाली आहे. बहुतेक ९ मिलिमीटर पिस्तुलांत नळी आणि स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) एकमेकांत अडकतात आणि मागे जाताना नळी तिरकी होते. इथे नळी चौकटीत पक्की. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, जरा पुढे बारीक भोक आहे. त्यातून गरम वायू खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि स्लाइडच्या पुढच्या टोकाला जोडलेल्या दट्ट्याला अडवून धरतो. गोळी नळीबाहेर पडली की दाब उतरतो आणि मग कुठे स्लाइड मोकळी होते. नळी जागची हलत नाही, शिवाय हाताच्या अगदी जवळ बसलेली असते, म्हणून झटका सरळ मागे येतो आणि नळीचं तोंड फारसं वर उडत नाही. चेंबरमध्ये लांबट खोबणी आहेत. उडालेलं रिकामं काडतूस उचलून पाहा, अंगावर उभे काळे पट्टे दिसतील. ते काडतूस कुठल्या पिस्तुलातून आलं, हे जाणकाराला सांगावं लागत नाही.

आता दुखणी. तो सिलिंडर चापाच्या बरोबर वर आहे. सलग काही मॅगझिन्स (गोळ्यांच्या पेट्या) झाडली की बोटाला चटका बसू लागतो. नंतरच्या सुधारित पी७एम८मध्ये त्यासाठी उष्णतारोधक कवच घातलं, पण त्याने फक्त वेळ लांबते. दिवसभर सरावाला हे पिस्तूल नाही, स्वसंरक्षणाला आहे.

नुसत्या शिशाच्या गोळ्या वापरूच नका. पॉलिगोनल, म्हणजे आतून गोलसर बहुकोनी, नळीत शिसं साठतंच, आणि वायूचं ते बारीक भोक त्याने बुजलं तर सगळी यंत्रणाच कोलमडते. तांब्याच्या आवरणाच्याच गोळ्या घ्या. साफसफाईत नळीपेक्षा सिलिंडर आणि दट्ट्या महत्त्वाचे. काजळी घट्ट बसली की दट्ट्या अडखळतो आणि स्लाइड आळसावते. ब्रश सिलिंडरच्या तळापर्यंत गेला पाहिजे, तोंडाशी फिरवून भागत नाही.

नवख्याची चूक ठरलेली: पट्टी आणि चाप एकाच वेळी आवळणं. तोंड खाली झुकतं आणि नेम जातो. आधी पट्टी, मगच चाप. सोडताना उलटं, बोट चापावरून काढायचं आणि मग पट्टी. ती 'खट्ट' वाजते, दचकू नका. दचकलेला हात आपोआप आवळला जातो, हा या रचनेवरचा खरा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे.

महाग का? जवळजवळ सगळं पोलाद, आणि तेही मिलिंग करून कोरलेलं. उत्पादन केव्हाच थांबलं, त्यामुळे सुटे भाग शोधावे लागतात. घेताना मॅगझिन्स नीट बघून घ्या. जुन्या पी७चा मॅगझिन सोडवायचा खटका मुठीच्या तळाशी आहे, एम८चा चापाच्या कड्यामागे. दोन्हींची मॅगझिन्स एकमेकांना चालत नाहीत. याच पिस्तुलाच्या एम१३ प्रकारात तेरा गोळ्या बसतात खऱ्या, पण मूठ जाड होते आणि पट्टी दाबायला लहान हात अपुरा पडतो. आठ गोळ्यांचं एम८च घ्या.