तुमच्यात पाळायचं काय असतं?

एकादशीला स्टाफरूममध्ये डबे उघडले की हा प्रश्न येतोच. कुणाच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, कुणाच्यात वऱ्याचे तांदूळ आणि माझ्या डब्यात पोळी-भाजी. "तुमच्यात सोवळं नाही, एकादशी नाही, मग तुमच्या धर्मात पाळायचं तरी काय असतं?" विचारणारीच्या मनात काही वाकडं नसतं, तिला खरंच जाणून घ्यायचं असतं. पण तेवढ्यात घंटा होते आणि माझं उत्तर अर्धवट राहतं. मी ख्रिस्ती, आणि ते उत्तर आज नीट सांगते.

उपास आमच्यातही असतात, विशेषतः पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांत. पण आधी पाळायचं ते समोरच्या माणसाशी कसं वागायचं हे. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा त्याने दोन सांगितल्या : देवावर पूर्ण मनाने प्रीती कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. दोन्ही यहुद्यांच्या जुन्या नियमशास्त्रातल्याच, एक 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे, दुसरी 'लेवीय' पुस्तकात. त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बाकी सगळं यांवरच अवलंबून आहे, असं सांगितलं.

'प्रीती' म्हटलं की वर्गातल्या मुली हसतात, कारण त्यांनी तो शब्द भावगीतात ऐकलेला असतो. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, त्याचा अर्थ वेगळा. माणूस आवडणं न आवडणं आपल्या हातात नसतं, त्याच्याशी कसं वागायचं ते असतं. प्रीती म्हणजे हे वागणं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक शास्त्री येशूला विचारतो, "माझा शेजारी कोण?" म्हणजे कुणापर्यंत पाळू आणि कुठे थांबू, ते सांग. येशू त्याला गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारू एकाला मारून अर्धमेला टाकून जातात. याजक, म्हणजे पुरोहित, येतो, बघतो, दुसऱ्या बाजूने निघून जातो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तसाच. मग एक शोमरोनी येतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, एकमेकांशी व्यवहार नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याच्याजवळ राहतो. सकाळी मालकाला दोन दीनार देतो, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर परतताना देईन म्हणतो.

मग येशू विचारतो, या तिघांतला त्याचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघत नाही. "ज्याने दया केली तो," एवढंच तो म्हणतो. मला ही जागा फार खरी वाटते. आणि आदल्याच अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलेलं नसतं. याकोब आणि योहान हे त्याचे शिष्य आकाशातून अग्नी पाडायला निघालेले असतात, येशू त्यांना दटावतो. म्हणजे ज्यांनी दार लावलं, त्यांच्यातल्याच एकाला त्याने गोष्टीत चांगला माणूस केलं.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी त्यांना दिसल्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एकीने त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणून केडगावला आसरा दिला. दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन आलं की मी अजून खिडकीतून बाहेर बघते.

आम्ही हे सगळं पाळतो असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नं जुळवताना आमच्यातही कोण मूळचं कुठल्या जातीचं याची चौकशी होते. देवळातल्या प्रभुभोजनात सगळ्यांचा प्याला एक असला तरी ती चौकशी थांबत नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

माझी आजी नगरकडच्या खेड्यात राहायची. शेजारच्या काकू तिला प्यायला पाणी ओंजळीत वरून ओतायच्या, भांडं कधी हातात द्यायच्या नाहीत. एका पावसाळ्यात त्या ओट्यावरून घसरल्या, खुबा मोडला. मुलगा मुंबईला, सून बाळंतपणाला माहेरी. आजी दीड महिना रोज त्यांच्याकडे गेली. त्यांना अंघोळ घालायची, लुगडं बदलायची, वेणी घालायची. मी विचारलं, "आजी, त्या तुला आवडतात?" ती म्हणाली, "न्हाई गं. पर ती पडलीया ना."

काकू हिंडायला लागल्या. पाणी पुढेही वरूनच ओतत राहिल्या. दिवाळीला फराळाची पुडी आमच्या ओट्यावर ठेवून जायच्या. नाताळला आजी करंज्यांचं ताट फडक्याने झाकून माझ्याकडे द्यायची आणि प्रत्येक वर्षी सांगायची, "त्यांच्या हातात दे. खाली ठिवू नगं." मी त्यांच्या दारात, ताट दोन्ही हातांत धरून, त्या बाहेर येईपर्यंत उभी राहायचे.